जोत्याखालचं पाणी : कोकणातल्या चिऱ्याच्या घराची पावसाळी ओल कशी तोडावी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घर असतं जांभ्याच्या चिऱ्याचं. चिरा म्हणजे छिद्रांचा दगड. भारतीय मानकसुद्धा बांधकामाच्या जांभ्याला वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा देतं. म्हणजे ३० किलोचा एक चिरा साडेतीन लिटर पाणी पोटात धरून भिंतीत उभा राहू शकतो. दिव्याची वात तेल वर ओढते तसं जोत्याखालचं (घराच्या चौथऱ्याखालचं) पाणी चिऱ्यातून आणि दर्जांतून, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांतून, वर चढतं. साधारण तीन फुटांपर्यंत त्याची मजल जाते, तिथे बुरशी धरते, लोणा (पांढरे क्षार) फुटतो आणि रंगाचे पोपडे सुटतात.

ओलीवर लोक पैसे कमी घालत नाहीत. पण ते घालतात आतल्या बाजूला: वॉटरप्रूफ रंग, पुट्टी, भिंतीला तीन फूट टाइल्स. पाणी मात्र बाहेरून आणि खालून येत असतं. आतून झाकलं की त्याची सुकायची वाट बंद होते आणि ते आणखी वर चढतं. टाइल्सच्या बरोबर वरच्या कडेला नवीन डाग उमटतो तो यामुळेच. म्हणून कामाचा क्रम बाहेरून आत असाच हवा: आधी पागोळ्या, मग अंगण, मग चर, त्यानंतर जोतं आणि जमीन, आणि सगळ्यात शेवटी गिलावा. पुष्कळ घरांचं काम पहिल्या तीन पायऱ्यांतच भागतं, आणि याच तीन पायऱ्या सगळ्यांत स्वस्त आहेत.

जुलैत फक्त बघायचं

दुरुस्ती उन्हाळ्यात करायची असली तरी निदान भर पावसातच होतं. मे महिन्यात कोरड्या भिंतीकडे बघून गवंड्यालाही काही कळत नाही.

छत्री घेऊन मोठ्या सरीत घराभोवती एक फेरी मारा. पागोळ्या नेमक्या कुठे पडतात, तिथून पाणी कुठल्या दिशेला धावतं, कुठे डबकं साचतं, पागोळीचे शिंतोडे भिंतीवर किती उंच उडतात, हे कागदावर उतरवून ठेवा. घर उतारावर असेल तर वरच्या अंगाला जमिनीतून उपळ फुटलेत का, तेही बघा. जांभ्याच्या कठीण थराखाली पिवळट-पांढरी चिकण माती असते. वरून मुरलेलं पाणी त्या चिकणमातीवर अडतं आणि आडवं सरकत उताराला बाहेर पडतं. घराचा पाया नेमका त्या वाटेत आला तर पाऊस थांबल्यावरही आठवडाभर भिंत ओली राहते.

आत आलात की ओलीच्या वरच्या कडेवर पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच करा. ही रेघ पुढे फार उपयोगी पडते.

जमीन घाम आल्यासारखी ओली होत असेल तर ते पाणी खालचं आहे की हवेतलं, हे आधी ठरवावं लागतं. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक घ्या, फरशीवर पसरा, चारही कडा रुंद चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस हात लावू नका. प्लास्टिकच्या खालच्या अंगाला थेंब धरले किंवा फरशी काळपट झाली तर पाणी जमिनीतून येतंय. वरचं अंग ओलं आणि खाली कोरडं असेल तर ती हवेतली वाफ आहे. मग त्यासाठी जमीन उकरायचं काहीच कारण नाही.

विहीर जवळ असेल तर भर जुलैत तिच्या पाण्याची पातळी मोजा. पाणी अंगणाच्या हातभर खाली उभं असेल तर पुढे सांगितलेला चर तुमच्याकडे फारसा चालणार नाही, कारण त्यातलं पाणी उतरायला खाली जागाच उरत नाही. अशा घराला जोतं आणि जमीन यांवरच खर्च करावा.

पागोळ्या

हिशोब करून बघा. हजार चौरस फुटांच्या छपरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ९,३०० लिटर पाणी होतं. जुलैत असे दिवस कोकणात नवलाचे नाहीत. दोनपाखी घराच्या प्रत्येक बाजूला त्यातलं साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी जोत्याच्या पायथ्याशी, एका ओळीत पडतं. एवढं पाणी रोज पायाला पाजून वर महागडा रंग लावायचा, याला अर्थ नाही.

पन्हळ लावा. सहा इंची अर्धगोल पीव्हीसी पन्हळ घरासाठी पुरते. दर दोन फुटांवर क्लिप हवीच; तीन फुटांवर मारली की भरलेली पन्हळ मधे पोट सोडते आणि पाणी तिथूनच उसळतं. उतार दर दहा फुटांना अर्धा इंच. तीस फुटांच्या बाजूला एकच उतरता पाइप देऊ नका. पन्हळीला मधोमध किंचित उंच ठेवून दोन्ही टोकांना चार इंची पाइप सोडा. फणसा-आंब्याचा पाला एका पाइपात अडकला तरी निम्मी बाजू चालू राहते. पाइपाचं तोंड जोत्याजवळ मोकळं सोडण्याची चूक फार होते. तसं केलं तर सगळ्या छपराचं पाणी दोन ठिकाणी एकवटून पायावर ओतलं जातं, जे पन्हळ नसण्यापेक्षा वाईट. पाइप झाकलेल्या गटारात किंवा घरापासून निदान दहा फूट लांब, उताराच्या अंगाला सोडा.

जुन्या कौलारू घरांत रिपा वाकलेल्या असतात, पन्हळ सरळ बसत नाही. तिथे पन्हळीचा हट्ट सोडा आणि पागोळीच्या ओळीखाली चर घ्या.

अंगणाची उंची

जोतं बाहेरच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट वर असावं. बांधताना ते असतंही. मग अंगणात एकदा मुरूम पडतो, पुढे कोबा होतो, त्यावर पेव्हर ब्लॉक बसतात, समोरचा रस्ता डांबर चढत चढत उंच होतो. वीस वर्षांत दीड फुटाचं जोतं अर्ध्या फुटावर येतं आणि जोत्यातली ओलरोधक पट्टी (ओल वर चढू नये म्हणून घातलेला काँक्रीटचा थर) मातीखाली गाडली जाते. पट्टी बाहेरच्या जमिनीपेक्षा निदान सहा इंच वर नसेल तर ती असून नसल्यासारखी, कारण पाणी तिला वळसा घालून बाहेरच्या गिलाव्यातून वर जातं.

उपाय कष्टाचा आहे, पण सरळ आहे. भिंतीलगतची तीन-साडेतीन फुटांची पट्टी उकरून अंगण मूळ पातळीला न्या. भिंतीला टेकलेले फुलझाडांचे वाफे, केळीची बेटं, रचून ठेवलेली वाळू-खडी, लाकडांची रास हे सगळं हलवा. उकरलेल्या पट्टीत चार इंच खडी चोपून तीन इंच १:३:६ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट करा आणि भिंतीपासून बाहेर मीटरला एक इंच उतार द्या. दर सहा फुटांवर सांधा ठेवा, नाहीतर काँक्रीट स्वतःच हवं तिथे तडकतं. भिंत आणि ही पट्टी यांच्यामधे बोटभर फट ठेवून ती बिटुमेनने किंवा पॉलिसल्फाइड सीलंटने भरा. ही फट सिमेंटच्या लगद्याने भरली तर पहिल्याच उन्हाळ्यात तिथे केसासारखी चीर पडते आणि जून लागला की पाणी सरळ पायात उतरतं.

शोषखड्डा घराच्या वरच्या अंगाला असेल तर आधी तो हलवा. राहत्या घरापासून सहा मीटर आणि विहिरीपासून १८ मीटर अंतर हवं.

चर

चर दोन प्रकारचे. पहिला पागोळीच्या ओळीखाली. दुसरा डोंगराच्या अंगाला, घरापासून तीनेक मीटरवर, घराकडे येणारं पाणी आधीच तोडण्यासाठी. बांधणी दोन्हींची एकच, खोली वेगळी: पागोळीखाली दीड फूट, डोंगराकडे दोन फूट किंवा चिकणमाती लागेपर्यंत. रुंदी एक फूट.

काम मार्च ते मे या काळात उरका. मृग लागल्यावर जोत्याशेजारी खणू नये. पायाच्या तळापेक्षा खाली तर कधीच जाऊ नका, आणि जुन्या मातीच्या दर्जांच्या घरात एका वेळी सहा-आठ फुटांपेक्षा जास्त लांबी उघडी ठेवू नका. मागची दरड तासून जागा करायची असेल तर ते काम स्वतःच्या अंदाजाने करू नका. तासलेली दरड पावसात घरावर येते. स्थापत्य अभियंत्याला दाखवूनच हात घाला.

तीस फूट बाजू आणि पुढे वीस फूट निकास, असा एकूण पंधरा मीटरचा दीड फुटी चर धरला तर सामान असं लागतं: २० मिलिमीटरची धुतलेली खडी पाऊण ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), चार इंची भोकांचा पाइप पंधरा मीटर, आणि १५० ते २०० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड पावणेदोन मीटर रुंदीचं पंधरा मीटर. भोकांचा पाइप मिळाला नाही तर साध्या पाइपाला खालच्या अर्ध्या भागात दोन ओळींत, चार इंचांच्या अंतराने दहा मिलिमीटरची भोकं पाडून घ्या.

चराच्या तळाचा उतार १०० फुटांना एक फूट, म्हणजे पंधरा मीटरला सहा इंच. नजरेने उतार धरू नका. पारदर्शक लेव्हल पाइपात पाणी भरून दर दहा फुटांना पातळी तपासा; दहा फुटांत सव्वा इंच पडला पाहिजे. मग कापड अंथरायचं, दोन्ही कडा वर बाहेर सोडायच्या. दोन इंच खडी, त्यावर पाइप, भोकं खाली. भोकं वर ठेवली तर चरातलं पाणी भोकांच्या उंचीला चढेपर्यंत पाइपात शिरतच नाही आणि तोवर ते मातीत मुरतं. पाइपावर खडी भरत चला, वरचे तीन इंच राहिले की कापडाच्या कडा एकमेकींवर घ्या आणि उरलेल्या जागेत सुटी खडी पसरा. पागोळी या सुट्या खडीवर पडली की शिंतोडे उडत नाहीत. काँक्रीटवर पडणारी पागोळी भिंत दीड-दोन फूट भिजवते.

चर फसतात ते ठरलेल्या तीन कारणांनी. खडीऐवजी स्वस्तात मुरूम भरला जातो आणि मुरूम स्वतःच पाणी धरून ठेवतो. कापड फक्त पाइपाला गुंडाळलं जातं. मग लाल मातीचा बारीक गाळ खडीत बसतो आणि दोन पावसांत सगळा चर बुजतो. कापडाने खडीच्या बाहेरून वेढलं पाहिजे. तिसरं कारण निकासाचं. पाइपाचं टोक उताराला उघड्यावर निघायला हवं, तोंडाला बारीक जाळी हवी (बेडूक, उंदीर, साप), आणि दरवर्षी मेअखेर ते झाडाझुडपातून शोधून मोकळं करायला हवं. जमिनीत मधेच संपवलेला चर म्हणजे घराशेजारी बांधलेली टाकी.

मागे दरडीला गडगा (दगडी बांध) असेल तर तो कोरडा, मातीशिवाय रचलेला बरा. त्याच्या फटींतून पाणी आपोआप पाझरतं. सिमेंटने बांधायचाच असेल तर दर दीड मीटरवर तीन इंची पाइपाची भोकं ठेवा आणि त्यांच्या मागे हातभर खडी भरा.

जोत्यातली पट्टी

नवीन घर बांधताना काम अगदी सोपं. जोत्याच्या पातळीला भिंतीच्या पूर्ण रुंदीवर ४० मिलिमीटर जाडीचं १:२:४ काँक्रीट, त्यात वॉटरप्रूफिंग पावडर, आणि वाळल्यावर चौरस मीटरला १.७ किलो या मापाने गरम बिटुमेनचा थर. दरवाजाच्या जागीही पट्टी अखंड न्या. तिथे तोडलेल्या पट्टीमुळेच चौकटीचे पाय कुजतात आणि तिथूनच वाळवी चढते.

जुन्या घरात पट्टी नसते. तिथे सिलेन-सिलोक्सेन क्रीम (पाणी अडवणारं रसायन) भिंतीत भरतात. बाहेरच्या जमिनीपासून सहा इंच वरच्या आडव्या दर्जेत १२ मिलिमीटरची भोकं, दर बारा सेंटिमीटरवर, नऊ इंची भिंतीत एकोणीस सेंटिमीटर खोल. भोक चिऱ्यात नको, दर्जेतच हवं. पाणी मुख्यतः तिथूनच वर जातं आणि क्रीमही तिथूनच पसरतं. भोकातली धूळ हवेने फुंकून काढा, मग तळापासून बाहेर येत क्रीम भरा. तीस फुटांच्या भिंतीला हिशोबाने दीड-पावणेदोन लिटर लागतं, पण जांभ्याला पोकळ्या असतात, म्हणून अडीच लिटर जवळ ठेवा. पातळ द्रावण वापरू नका, ते पोकळीत वाहून जातं. मातीच्या दर्जांच्या फार जुन्या भिंतीत या उपायाचा भरवसा धरू नये. तिथे पागोळ्या, अंगण आणि चर हेच खरे उपाय.

जमीन

शेणाने सारवलेली जमीन पाणी अडवत नव्हती. खालून आलेली ओल सगळ्या खोलीभर पसरून हळूहळू उडून जायची. त्याच जमिनीवर थेट सिमेंट घालून चकचकीत टाइल्स बसवल्या की ती वाट बंद होते आणि ओल कडेला, भिंतींकडे वळते. ‘टाइल्स बसवल्यापासून भिंती ओल्या होऊ लागल्या’ ही तक्रार खरी असते. म्हणून भिंतीचा बंदोबस्त आधी करा, जमीन नंतर बंद करा.

जमीन नवी करायची तर तयार फरशीच्या पातळीपासून सव्वा फूट उकरा. त्याआधी आतल्या भिंतींना पाया आहे का, हे एका कोपऱ्यात खणून बघा. जुन्या घरांत मधल्या भिंती कधीकधी जमिनीवरच उभ्या असतात. माती चोपून घ्या. त्यावर सहा इंच दगडांचं हाताने रचलेलं सोलिंग, फटींत ४० मिलिमीटरची खडी. यात माती किंवा मुरूम घालू नका. मोठ्या फटींमधून पाणी वर ओढलं जात नाही, बारीक कणांतून जातं. फटी मातीने भरल्या की सोलिंगचा उपयोगच संपला. वर दीड इंच वाळू, म्हणजे दगडांची टोकं प्लास्टिकला लागणार नाहीत. मग २५० मायक्रॉनचं प्लास्टिक, जोडाला एक फूट एकावर एक, चिकटपट्टीने बंद, आणि कडा भिंतीवर ओलरोधक पट्टीपर्यंत चढवलेल्या. त्यावर चार इंच १:३:६ काँक्रीट, मग फरशी.

बारा बाय बारा फुटांच्या खोलीला सोलिंगचा दगड पाऊण ब्रास, अठरा घनफूट वाळू, दोनशे चौरस फूट प्लास्टिक आणि काँक्रीटला सहा गोण्या सिमेंट लागतं. काँक्रीट ओतताना घमेली आणि फावडी प्लास्टिकवर आपटणार नाहीत याकडे स्वतः उभं राहून लक्ष द्या. एक भोक पडलं की ओल बरोबर तिथूनच वर येते. जमीन उघडी आहे तोवर वाळवीचा बंदोबस्त जाणकाराकडून करून घ्या, पण विहीर घराला लागून असेल तर मातीत औषध ओतू देऊ नका.

लोणा आणि गिलावा

भिंतीवर पांढरं, कापसासारखं किंवा मिठासारखं फुटतं तो लोणा. तो पाण्याने धुऊ नका; क्षार विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशने झाडा, खाली कागद धरा आणि ती पूड लांब टाका. ओलीच्या डागाच्या वर दीड फुटापर्यंत गिलावा काढा आणि दर्जा बोटभर खोल खरवडा. मग थांबा. भिंत इंचाला साधारण महिना या गतीने सुकते. नऊ इंची भिंत म्हणजे नऊ महिने.

खाडीची रेती वापरलेली असेल तर वेगळाच प्रश्न असतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की त्या रेतीतलं मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढतं. कोकणात पावसाळाभर आर्द्रता त्याच्या वरच असते. अशी भिंत छपरालगतही पाझरते आणि उन्हं पडली की लगेच कोरडी दिसते. जमिनीतल्या ओलीची रेघ खालून वर येते, या मिठाच्या ओलीला रेघ नसते, ठिपके आणि पट्टे असतात. त्यावर चर किंवा क्रीम यांचा काहीच उपयोग नाही. तो गिलावा पूर्ण काढून नदीच्या किंवा धुतलेल्या वाळूने नवा करणं एवढाच उपाय आहे.

मातीच्या दर्जांच्या जुन्या भिंतीला चुन्याचाच गिलावा करा: १ भाग मुरवलेला चुना, १ भाग सुरखी (विटांची पूड), २ भाग धुतलेली वाळू. अर्ध्या इंचाचे दोन थर, आठवडाभर गोणपाटाखाली ओले ठेवा. सिमेंटच्या दर्जांच्या घराला १ सिमेंट, १ चुना, ६ वाळू. वर चुन्याची सफेदी किंवा हवा जाऊ देणारा रंग. प्लास्टिक इमल्शन खालच्या तीन फुटांना नको.

गणपतीच्या आधी रंग काढायची आपल्याकडे रीत आहे आणि सण म्हटला की घर उजळलं पाहिजे, हेही खरं. पण श्रावण-भाद्रपदात भिंत वर्षातली सगळ्यांत जास्त पाणी प्यालेली असते. त्या वेळी लावलेला रंग दिवाळीपर्यंत सुटतो. सणापुरती चुन्याची सफेदी मारा, ती ओलीला अडवत नाही. पक्का रंग फेब्रुवारी-मार्चसाठी ठेवा.

हवेतली ओल

प्लास्टिकच्या चाचणीत वरचं अंग ओलं निघालं असेल तर एवढं समजून घ्या: हवा २८ अंशांची आणि आर्द्रता ९० टक्के असेल तेव्हा २६ अंशांच्या फरशीवर पाणी धरतं. भर पावसात खिडक्या सताड उघडून फरशी वाळत नाही, उलट ओलाच वाढतो. खिडक्या पावसाची उघडीप पडून ऊन आल्यावर उघडा, एरवी पंखा चालू ठेवा, आणि गाद्या-कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या. मुंबईहून वर्षातून दोनदा येणाऱ्यांच्या बंद घरात शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवून आठवड्यातून एक दिवस दारं उघडायची व्यवस्था लावावी, आणि माळ्यालगतचे झरोके कधीही बुजवू नयेत.

पुढच्या जुलैत पेन्सिलीच्या जुन्या रेघेशेजारी नवी रेघ मारा. पहिल्या पावसात ती वीतभर जरी खाली आली तरी काम लागू पडतंय. भिंतीतलं जुनं पाणी अजून बाहेर पडायचं आहे. रेघ तसूभरही हलली नसेल तर भिंतीला हात लावायच्या आधी चराच्या निकासाशी जाऊन उभे राहा. मोठी सर येऊन गेल्यावर तिथून पाणी वाहत नसेल, तर चर कुठेतरी बुजलाय किंवा उतार उलटा पडलाय.